रिकाम्या गाडीची वाट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत. फक्त ते फार कमी बोलत, कारण ऐकायला कुणी थांबत नसे.

त्या काळी एका राज्याच्या टोकाला एक तांबडा डोंगर होता. त्याच्या पोटात लोखंडाचा दगड होता, आणि पाठीवर एक गाव होतं. गावातली माणसं पावसाळाभर दगड खणत आणि खाणीच्या तोंडाशी त्याचे ढीग घालत. त्या मातीत लोखंड इतकं होतं, की दुसरं काही उगवत नसे. ज्वारी नाही, नाचणी नाही. गवतसुद्धा बेतानंच.

मग ही माणसं खात काय? तर डोंगराखालून एक नदी वाहत होती. दसरा झाला की खालच्या मुलखातून नावा वर येत. येताना धान्य आणत, जाताना दगड नेत. एक गाडी दगडाला एक पोतं धान्य, असा जुना ठराव होता. ढीग जेवढा खाली उतरे, तेवढंच धान्य डोंगरावर चढे. त्यावर वर्ष काढायचं.

नदीत एक मोठा काळा खडक होता. लोक त्याला म्हैसखडक म्हणत. भरल्या पाण्यात तो दिसत नसे. पाणी उतरू लागलं की आधी त्याचं डोकं दिसे, मग पाठ दिसे. पाठ उघडी पडली की नावाडी नावा फिरवत, ते थेट पुढच्या दसऱ्याला येत. पाठ उघडी पडायला साधारण चाळीस दिवस लागत. गावाच्या हातात तेवढेच दिवस होते.

त्या वर्षी खाणीत नवी शीर सापडली होती. एरवी एक ढीग व्हायचा, त्या वर्षी तीन झाले. माणसंही वाढली होती. खाणीवर काम मिळतं म्हणून लांबलांबची कुटुंबं येऊन राहिली होती. खाणारी तोंडं तिप्पट आणि दगडही तिप्पट, म्हणजे सगळं जमून आल्यासारखं होतं. दगड तेवढा खाली जायला हवा होता.

हे काम सिदोजी मुकादमाकडं होतं. सिदोजी सरळ माणूस होता. त्यानं चाळीस गाड्या उभ्या केल्या. गाडीला खाली जायला आणि वर यायला मिळून अर्धा दिवस लागतो, हे त्याला माहीत होतं. म्हणजे एका गाडीच्या दिवसाला दोन खेपा. तसं धरलं तर बत्तीस दिवसांत तिन्ही ढीग नदीवर. वर आठ दिवस हाताशी राहतात.

"आठ दिवस आधी मोकळे होऊ," तो गावाला म्हणाला. गाव खूश झालं.

आता त्या वाटेबद्दल सांगायला हवं. खाणीपासून नदीपर्यंत एकच वाट होती, आणि वाटेत एक खिंड होती. खिंड लांब होती आणि इतकी अरुंद, की समोरासमोर दोन गाड्या मावत नसत. म्हणून गावात एक रीत होती. भरलेल्या गाडीचा मान पहिला. खिंडीच्या वरच्या तोंडाशी भरलेली गाडी दिसली, की खालच्या रिकाम्या गाडीनं बाजूला थांबायचं. गाडीवानानं खाली उतरायचं. भरलेली गाडी जवळून गेली की कपाळाला हात लावायचा. का, तर ती गाडी गावाचं अन्न घेऊन चालली आहे. रिकाम्या गाडीसाठी कुणी कपाळाला हात नेत नसे. ती आडवी आली तर लोक तोंड फिरवत.

रीत वाईट नव्हती. गावात चार गाड्या होत्या तेव्हापासूनची होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. सिदोजी ढिगाशी उभा राहिला. उजाडल्यापासून गडी दगड भरत होते. एक गाडी भरली की निघे, की दुसरी पुढं येई. चाकं करकरत होती, घुंगरं वाजत होती. दुपारपर्यंत चाळीस गाड्या खाली गेल्या. आता पहिल्या गाड्या परत येतील म्हणून सिदोजी वाटेकडं बघत राहिला.

एकही गाडी आली नाही. भरणारे गडी ढिगाला टेकून बसले. कुणी तंबाखू मळली, कुणी डोळा लावला. दिवस कलल्यावर सगळ्या चाळीस गाड्या एकदम वर आल्या. पण तेव्हा भरून उपयोग नव्हता. भरलेली गाडी अंधारात खिंडीतून सोडत नसत, आणि रात्रभर भरलेली उभी ठेवली तर आस वाकतो. बैल सुटले. दिवस संपला. खेप एकच झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. दहा दिवस तेच.

सिदोजीनं गाडीवानांना बोलावलं. "खाली जाऊन झोपा काढता का रे?"

गाडीवानांनी एकमेकांकडं पाहिलं. रखमाजी नावाचा एकजण म्हणाला, "झोप लागली असती तर बरं झालं असतं, मुकादम." बाकीचे हसले. सिदोजीला ते हसणं लागलं, आणि त्यानं पुढचं विचारलंच नाही.

त्यानं दुसरा उपाय केला. शेजारच्या गावांतून वीस गाड्या मागून आणल्या. पहिल्या दिवशी साठ गाड्या उतरल्या. सिदोजीनं मिशीला पीळ दिला. पण त्या दिवशी भरलेल्या गाड्यांची रांग तिसऱ्या प्रहरापर्यंत चालली. तिच्या मागून जेमतेम पस्तीस गाड्या उजेडी वर आल्या. बाकीच्या नदीकाठीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चढायला निघाल्या, तर वरून पुन्हा भरलेल्या गाड्या सुरू. त्या थांबल्या. असं चार दिवस चाललं. गाड्या साठ, आणि खाली जाणाऱ्या दिवसाला चाळीसही नाहीत. शिवाय वीस जोड्यांना वैरण जास्त लागत होती, आणि डोंगरावर गवत बेताचंच.

म्हैसखडकाचं डोकं पाण्याबाहेर दिसू लागलं होतं. आणि तीन ढिगांतला पहिलासुद्धा अजून संपला नव्हता.

घराघरांत बोलणं सुरू झालं. नव्यानं आलेली कुटुंबं बोचकी बांधायची का, याचा विचार करू लागली. एक म्हातारी सिदोजीच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, खरं काय ते आत्ताच सांग. फाल्गुनात सांगशील, तर मी या नातवंडांना घेऊन जाऊ कुठं?"

पंधराव्या दिवशी रखमाजीला ताप भरला. त्याची गाडी रिकामी उभी राहिली. सिदोजीच्या मनात आलं, आज आपणच जाऊ. हे गाडीवान खाली करतात तरी काय, ते डोळ्यांनी बघू.

त्यानं पहिली गाडी भरून घेतली. रखमाजीच्या बैलांची नावं कवड्या आणि पोवळ्या. दोघंही चालायला चांगले. सिदोजी खिंडीतून उतरला. खालच्या तोंडाशी काल रात्री अडकलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या गाडीवानांनी कपाळाला हात लावले. सिदोजीला बरं वाटलं. त्यानं नदीवर दगड उतरवला, गाडी वळवली आणि झपाट्यानं परत खिंडीच्या पायथ्याशी आला. दिवस अजून कोवळा होता.

"ओ मुकादम, बाजूला घ्या!" कुणीतरी ओरडलं. "भरलेली येतेय!"

सिदोजीनं गाडी बाजूला घेतली. तिथं ठकूबाई बसली होती. नवरा गेल्यापासून त्याची गाडी तीच हाकत असे. ती रात्रीपासून अडकली होती आणि आता निवांत सुपारी कातरत होती.

"या मुकादम, या. सासुरवाडीला आलात. बसा."

"सासुरवाडी कसली?"

"या जागेला आम्ही तसंच म्हणतो. इथं आलं की बसून राहायचं. कुणी कामाला लावत नाही, आणि जा म्हणून सांगत नाही."

भरलेली गाडी डुलत डुलत उतरली. सगळ्यांनी कपाळाला हात लावले. ती गेल्यावर सिदोजी उठला.

"बसा हो," ठकूबाई म्हणाली. "वर बघा."

वरच्या तोंडाशी दुसरी भरलेली गाडी दिसत होती. ती अजून लांब होती. मधली सगळी खिंड मोकळी पडली होती. पण रीत म्हणजे रीत. सिदोजी बसला. ती गाडी उतरली, तोवर तिसरी दिसली. मग चौथी. एकेक गाडी भरून निघायला जेवढा वेळ लागे, तेवढ्या अंतरानं त्या येत राहिल्या. खिंड कधी भरलेली नव्हती, आणि कधी मोकळीही नव्हती.

बऱ्याच वेळानं कवड्या बैल बोलला.

"मुकादम, जू मानेवर आहे. एक तर चालवा, नाहीतर सोडा."

"दमलास?"

"चालून नाही दमलो. उभं राहून दमलो."

पोवळ्यानं नुसती मान हलवली.

सिदोजीनं दोघांना सोडलं. मग तो ठकूबाईला म्हणाला, "रोज असंच होतं?"

"रोज."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत ते झोपेबद्दल," ठकूबाई म्हणाली. "आणि तुम्ही उभे असता वर. वरून गेलेली गाडी दिसते. न आलेली गाडी कशी दिसणार?"

सिदोजी दुपारपर्यंत तिथं बसला. काल ज्यांनी त्याला रामराम घातला असता, ते भरलेल्या गाडीवर बसून त्याच्याकडं न बघता पुढं गेले. रिकाम्या गाडीकडं बघायची पद्धत नव्हती.

त्याच दिवशी ऊन उतरताना त्यानं सगळ्यांना खिंडीच्या वरच्या तोंडाशी बोलावलं. तिथं एक पिंपळ होता आणि पिंपळाखाली सपाटी होती. सिदोजीच्या हातात गेरूनं रंगवलेली एक काठी होती.

"उद्यापासून खिंड या काठीची," तो म्हणाला. "काठी ज्या तोंडाशी असेल, त्या बाजूच्या गाड्यांनी जायचं. भरलेल्या गाड्या इथं सपाटीवर थांबतील. आठ झाल्या की एकामागून एक उतरतील. आठव्या गाडीजवळ काठी असेल. ती खाली पोचली की काठी खालच्या माणसाला द्यायची. मग आठ रिकाम्या वर येतील, आणि काठी वर येईल. काठी नाही, तर खिंडीत पाऊल नाही. मागून आणलेल्या वीस गाड्या उद्या परत जातील."

मग बाळोबा उठला. तो गावातला सगळ्यात जुना गाडीवान होता.

"सिदू, तू भरलेली गाडी थांबवणार? रिकामीसाठी?"

"हो, बाळोबा."

"अरे, याच खिंडीत माझ्या बापाचा पाय गेला. भरलेली गाडी मध्येच थांबवली, बैलांना पेलली नाही, चाक अंगावर आलं. तेव्हापासून ही रीत आहे. आणि तू ती मोडतोस? डोंगरावरच्या चाळीस गाड्या कमी पडतात म्हणून साठ केल्यास, आता त्याच चाळीस पुरतात म्हणतोस. आधी तुझं काय ते ठरव."

लोक हसले. सिदोजीची मान खाली गेली. तो एवढंच म्हणाला, "साठ केल्या ते माझं चुकलं. पण उद्याचा दिवस माझं ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आठ गाड्या उतरल्या. काठी खाली गेली. आठ रिकाम्या गाड्या चढू लागल्या. इकडं वर बाळोबा आपली भरलेली गाडी घेऊन सपाटीवर आला. काठी नव्हती.

"थांबा, बाळोबा," गाडीवान म्हणाले.

"भरलेल्या गाडीनं काठीला विचारायचं नसतं," बाळोबा म्हणाला, आणि त्यानं बैल खिंडीत घातले.

अर्ध्या खिंडीत त्याला आठ रिकाम्या गाड्या समोर भेटल्या. आता भरलेली गाडी चढावर मागं जात नाही, आणि आठ गाड्यांची रांग अरुंद वाटेत वळत नाही. बाळोबाला गाडी थांबवावी लागली. उतारावर. बैल खुरं रोवून थरथरत उभे राहिले. लोकांनी धावत जाऊन चाकांना दगड लावले. बाळोबा स्वतः चाकाला खांदा देऊन बसला. आठ गाड्यांचे बैल सोडून, एकेक गाडी हातांनी मागं ढकलत खाली न्यावी लागली. खिंड मोकळी व्हायला दुपार टळून गेली. कुणाला इजा झाली नाही. पण बाळोबाच्या कपाळावरचा घाम बराच वेळ थांबला नाही.

आता मुकादम काय बोलतो, याची सगळे वाट बघत होते. सिदोजी काठी घेऊन बाळोबाजवळ गेला.

"बाळोबा, तुमच्या वडिलांचा पाय कशानं गेला?"

"सांगितलं ना. उतारावर गाडी थांबली म्हणून."

"म्हणजे रीत कशासाठी होती? भरलेल्या गाडीनं पुढं जावं म्हणून, की उतारावर कुठली गाडी थांबू नये म्हणून?"

सिदोजीनं काठी त्याच्या हातात दिली.

"वरचं तोंड तुम्ही सांभाळा. उतारावर गाडी थांबली तर काय होतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

बाळोबानं काठी उलटसुलट करून पाहिली. "गेरू कच्चा आहे," तो म्हणाला. "हाताला लागतो." पण त्यानं ती खाली ठेवली नाही. खालच्या तोंडाशी ठकूबाई बसली, आणि तिची गाडी तिच्या भावानं हाकली.

त्या दिवसापासून काम वेगळंच चालू लागलं. आठ उतरत, आठ चढत. वर भरणाऱ्या गड्यांना तंबाखू मळायला वेळ मिळेना, पण दुपारची झोप गेली म्हणून कुणी तक्रार केली नाही. बैल चालत होते आणि बरे दिसत होते. तेच बैल, त्याच गाड्या, तीच खिंड. खेपा दोन होऊ लागल्या.

एकदा सिदोजी घाईनं गाडी घेऊन खिंडीशी आला. बाळोबानं हात आडवा केला.

"काठी आहे?"

"बाळोबा, मी मुकादम."

"ते मी विचारलं नाही."

सिदोजी गाडी बाजूला घेऊन थांबला. मागचे गाडीवान तोंडावर उपरणं धरून हसले.

चाळिसाव्या दिवशी म्हैसखडकाची पाठ उघडी पडली. शेवटच्या नावा भरून निघाल्या. तिन्ही ढिगांकडं गावानं पाहिलं. पहिल्या दोन ढिगांच्या जागी नुसती तांबडी जमीन उरली होती. तिसऱ्या ढिगाचं एक टोक मात्र राहिलं होतं. पन्नासएक गाड्यांचा दगड असेल.

म्हणजे पन्नास पोती कमी आली. पावसाळ्याच्या शेवटी गावाला ती कमी पडली. महिनाभर भाकरी पातळ झाल्या आणि आंबील आणखी पातळ झाली. पण कुणी बोचकं बांधलं नाही. ती म्हातारी नातवंडांसह डोंगरावरच राहिली.

पुढच्या वर्षी गडी तो उरलेला दगड आधी भरू लागले. सिदोजीनं त्यांना थांबवलं.

"तो राहू दे तिथं. दगड जास्त होता म्हणून तो मागं राहिला नाही, आणि गाड्या कमी होत्या म्हणूनही नाही. पंधरा दिवस आपण रिकाम्या गाड्या अडवून ठेवल्या, त्याचा तो ढीग आहे."

गावानं त्या ढिगाला 'सासुरवाडी' असं नाव दिलं. नवा मुकादम नेमला, की त्याला आधी तो ढीग दाखवत. मग एक दिवस गाडी देऊन खिंडीच्या पायथ्याशी पाठवत.

आणि तिथली माणसं भरलेली गाडी गेली की अजूनही कपाळाला हात लावत. फक्त मागून रिकामी गाडी चढू लागली, की हात तसाच ठेवत.

तात्पर्य: भरलेल्याला मान द्यावा, पण रिकाम्याला वाट द्यावी, कारण उद्याचं ओझं तोच उचलणार असतो.